संगत आणि संमती

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण ज्याने ऐकली नाही असा मराठी घरातला मुलगा विरळाच. परीक्षेत मार्क कमी पडले, रात्री घरी यायला उशीर झाला, खिशात विडीचे थोटूक सापडले, की आजोबांच्या तोंडून ती बाहेर पडावयाचीच. म्हण खोटी नाही. पण ती बैलांची म्हण आहे. पवळ्याला ढवळ्याशेजारी बांधले कोणी? धन्याने. गोठा धन्याचा, दावे धन्याचे आणि खुंटाही त्यानेच ठोकलेला. माणसाचे तसे नाही. माणूस आपल्या पायांनी दुसऱ्याच्या गोठ्यात जातो आणि पुष्कळदा आपल्या हातांनीच दावे गळ्यात अडकवून घेतो. तो असे का करतो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर म्हणीत नाही.

आपल्याकडे संतांनी सत्संगाचा महिमा गाइला आणि कुसंगाची निंदा केली. ख्रिस्ती परंपरेतही या विचाराला दीर्घ इतिहास आहे, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतो तितका तो सरळ नाही. दिवाळीत मुलेबाळे, सुना-नातवंडे एका छपराखाली जमतात. कोणाचे मित्र कोण, कोणाची उठबस कोठे, याची चौकशी याच दिवसांत होते. तेव्हा त्या इतिहासाची थोडी उजळणी केली तर ती अस्थानी ठरू नये.

इतिहासाचा आरंभ करिंथ या ग्रीक शहरापासून करता येईल. दोन समुद्रांमधील चिंचोळ्या भूमीजवळ वसलेले हे शहर दोन बाजूंच्या दोन बंदरांवर पोसलेले होते. खलाशी, व्यापारी, सैनिक, गुलाम, नाना देवतांचे उपासक यांची तेथे सदैव वर्दळ. प्रेषित पौल इ. स. ५० च्या सुमारास तेथे येऊन दीड वर्ष राहिला, आणि पुढे इफिस येथे असताना त्याने करिंथच्या लहानशा मंडळीला पत्र लिहिले. वाईट सोबतीचा नीतीवर काय परिणाम होतो हे सांगणारे, ख्रिस्ती घराघरात पाठ असलेले वचन त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे.

गंमत अशी की, हे वचन मुळात पौलाचे नव्हेच. ते अथेन्सचा विनोदी नाटककार मिनँडर याच्या ‘थाइस’ नावाच्या नाटकातले, असे प्राचीन भाष्यकार सांगतात. मिनँडर ख्रिस्तापूर्वी सुमारे तीनशे वर्षे होऊन गेला. थाइस हे एका गणिकेचे नाव; नाटक आज उपलब्ध नाही, त्याचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. म्हणजे कुसंगतीपासून सावध करणारे वाक्य प्रेषिताने उचलले ते रंगभूमीवरून, तेही गणिकेच्या नावाच्या नाटकातून! चांगले वाक्य कोणाच्या तोंडी आले यावरून त्याने त्याची जात ठरवली नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ज्या ग्रीक शब्दाचे आपण ‘संगत’ असे भाषांतर करतो, त्याचा अर्थ सोबत असाही होतो आणि संभाषण असाही होतो. पौल तेथे जुगार किंवा मद्यपान यांविषयी बोलत नाही. मेल्यावर काही उरत नाही, तेव्हा आज खाऊनपिऊन घ्यावे, असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्याविषयी तो बोलत आहे. संगत म्हणजे नुसते एकत्र बसणे नव्हे; रोज कानांवर काय पडते आणि त्यातले हळूहळू आपलेसे काय होते, ती संगत.

त्याच पत्रात आधी, पाचव्या अध्यायात, त्याने एक गैरसमज दूर केला आहे. जगातल्या सर्व वाईट माणसांना टाळा असे माझे म्हणणे नाही, तसे करावयाचे तर जगच सोडावे लागेल, अशा आशयाचे त्याचे तेथले लिहिणे आहे. आणि पौलाच्या गुरूचे चरित्र तर सर्वांना ठाऊक आहे. येशू ख्रिस्त जकातदारांच्या आणि पापी म्हणून ओवाळून टाकलेल्यांच्या पंक्तीला बसतो, ही त्याच्यावरची मोठीच तक्रार होती. मग एकीकडे कुसंगतीचा इशारा आणि दुसरीकडे पाप्यांशी अन्नव्यवहार, यांचा मेळ कसा घालावयाचा? पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोकांपुढे हा कोडे सोडविण्याचा प्रसंग वारंवार आला. त्याचा सर्वांत खोल विचार ज्याने केला, तो पुरुष पौलानंतर सुमारे तीनशे वर्षांनी आफ्रिकेत जन्मला.

त्याचे नाव आपल्याला अगदीच परके नाही. जुन्या गोव्यास गेलेल्या वाचकांनी तेथील टेकडीवर जांभ्या दगडाचा एक उंच, अर्धा ढासळलेला मनोरा पाहिला असेल. तो संत ऑगस्टीनच्या नावे चालणाऱ्या पंथाच्या मठाचा अवशेष होय. त्या पंथाचे साधू १५७२ साली गोव्यात आले, १६०२ साली मनोऱ्याचे काम झाले, १८३५ साली पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले आणि १९३१ साली मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. आज जो उभा आहे तो सुमारे ४६ मीटर उंच आहे. जवळच जोगिणींचा मोठा मठ आहे, तो १६०६ ते १६२७ या काळात बांधला गेला आणि त्याला नाव आहे सांता मोनिकाचे. मोनिका ही ऑगस्टीनची आई. मायलेकांची नावे त्या टेकडीवर अशी शेजारी शेजारी आहेत. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र लेकाने आईला पुष्कळ वर्षे दूर ठेवले.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी थागास्ते या गावी झाला. हे गाव आजच्या अल्जीरियात येते. बाप पात्रिसियस जुन्या रोमन देवतांना मानणारा, गावच्या सभेचा सभासद, पण बेताच्या मिळकतीचा, आई ख्रिस्ती. मुलगा हुशार, म्हणून त्याला जवळच्या गावी शिकावयास ठेवले. पुढे कार्थेजला पाठवावयाचे, पण पैसा जमेना. म्हणून सोळाव्या वर्षी तो घरी परतला आणि वर्षभर रिकामा बसला. बाप पैसे जमवीत होता, आई काळजी करीत होती आणि मुलगा गल्लीतल्या पोरांबरोबर रात्री-बेरात्री भटकत होता. आईने उपदेश केला, तो त्याला बायकी वाटला. मित्र आपापल्या प्रतापांच्या बढाया मारीत. ज्याचे प्रताप कमी पडत तो खोटेच प्रताप रचून सांगे. आपणही तसेच करीत होतो, असे ऑगस्टीनने पुढे लिहून ठेवले आहे.

त्या वर्षातील एक रात्र त्याने जगाच्या इतिहासात अमर केली. त्याच्या घरच्या द्राक्षमळ्याजवळ दुसऱ्या कोणाचे नासपतीचे झाड होते. फळे रूपाला साधी, चवीलाही सामान्य. याहून चांगली फळे त्याला घरी मिळत. मध्यरात्री पोरांची टोळी गेली, झाड हलवले, ओझेभर फळे पळवली, एकदोन चाखली आणि बाकीची डुकरांपुढे फेकून दिली. एवढीच गोष्ट! पंचेचाळिशीच्या आसपास असलेल्या, बिशपपदावर बसलेल्या या माणसाने आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाची कितीतरी पाने या चोरीला दिली, म्हणून आधुनिक टीकाकारांनी त्याची थट्टाही केली. नासपतींवरून केवढा हा गहजब!

परंतु ती पाने वाचली की थट्टा मावळते. ऑगस्टीन एखाद्या कसलेल्या वकिलासारखा स्वतःची उलटतपासणी घेतो. भूक होती का? नाही. फळांचा मोह होता का? नाही. मालकाशी वैर होते का? तेही नाही. चोरी आवडली म्हणून चोरी केली म्हणावे, तर त्यानेही त्याचे समाधान होत नाही. शेवटी तो एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. आपण एकटे असतो तर हे कधीच केले नसते. फळांत नसलेली गोडी बरोबरच्यांच्या हसण्यात होती. चला, करू या, असे कोणी म्हटले की मागे राहण्याची लाज वाटते. आणि गंमत अशी की, ती लाज निर्लज्ज नसल्याची लाज असते.

येथे ऑगस्टीनने म्हणीच्या पुढचे पाऊल टाकले आहे. संगत ही साथीच्या रोगासारखी नकळत जडते, असे आपण समजतो. त्याचे निदान वेगळे आहे. आपल्याला आपल्या माणसांत उणे दिसावयाचे नसते, हे ते दार. आणि त्याची कडी आतल्या बाजूला असते.

पुढे तो कार्थेजला गेला. तेथे विद्यार्थ्यांची एक टोळी स्वतःला ‘उलथापालथ करणारे’ म्हणवून घेत असे. नव्या, बुजऱ्या मुलांना छळावे, वर्गात धुडगूस घालावा, हा त्यांचा पराक्रम. कॉलेजच्या वसतिगृहात राहिलेल्या वाचकांना अधिक वर्णन नको. ऑगस्टीन त्यांच्यात वावरे, त्यांची मैत्री त्याला आवडे, त्यांच्या कृत्यांचा मात्र तिटकारा वाटे. आणि तरीही आपण त्यांच्याइतके धीट नाही याची खंत त्याच्या मनात असे. स्वतः शिक्षक झाल्यावर अशाच दांडगाईला कंटाळून तो रोमला गेला, तेव्हा तेथे कळले की रोमचे विद्यार्थी दंगा करीत नाहीत, पण फी देण्याची वेळ आली की सगळे मिळून दुसऱ्या गुरूकडे पळ काढतात!

कुसंगतीला शिंगे-शेपूट असते तर ती टाळणे सोपे झाले असते. ऑगस्टीनने आपल्या तरुणपणच्या मित्रमंडळाचे जे वर्णन केले आहे ते फार गोड आहे. एकत्र हसावे, एकत्र ग्रंथ वाचावेत, मतभेद व्हावेत पण ते मनात न ठेवता, कोणी परगावी गेला की चुटपुट लागावी आणि परतला की आनंदाने जवळ घ्यावे. हे मित्रमंडळ मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथात ओढले गेलेले होते, आणि त्या भ्रमात आपली नऊ वर्षे गेली असे तो म्हणतो. मंडळ गोड होते म्हणूनच नऊ वर्षे लागली.

या काळातला एक प्रसंग मात्र चटका लावतो. थागास्ते येथे त्याचा एक बालमित्र होता. त्याचे नाव ऑगस्टीनने सांगितलेले नाही. या मित्राला आईबापांच्या श्रद्धेपासून ऑगस्टीननेच दूर नेले होते. मित्राला ताप भरला, शुद्ध गेली, तेव्हा घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा देवविला. थोडे बरे वाटल्यावर ऑगस्टीनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा आरंभली. मित्रही हसेल अशी त्याची खात्री होती. पण मित्राने एखाद्या शत्रूकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहिले आणि मैत्री हवी असेल तर असे बोलणे बंद कर, असे बजावले. काही दिवसांतच तो मित्र मरण पावला. आपल्या मुलाला कोणाची संगत बाधेल याची चिंता आईबाप करतात. आपले मूल दुसऱ्या कोणाची कुसंगत तर नाही ना, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. त्या घराच्या दृष्टीने ऑगस्टीन हाच तो वाईट मित्र होता.

त्याच्या मित्रांपैकी अलिपियसची हकीकत तर प्रत्येक पालकाने वाचावी अशी आहे. हाही थागास्तेचाच, प्रतिष्ठित घराण्यातला. कायदा शिकण्यासाठी तो रोमला गेला. ग्लॅडिएटरांच्या जीवघेण्या झुंजींचा त्याला मनापासून तिटकारा. एके दिवशी जेवून परतणाऱ्या मित्रांनी आणि सहाध्यायांनी त्याला थट्टामस्करीत ओढून रंगणाकडे नेले. शरीर न्याल, मन कसे न्याल, अशा बाण्याने तो गेला आणि डोळे घट्ट मिटून बसला. पण कान मिटता येत नाहीत. कोणी एक झुंजणारा पडला, हजारो लोकांनी एकच गर्जना केली आणि अलिपियसने डोळे उघडले. रक्त पाहिले आणि नजर तेथेच खिळली. आलेला अलिपियस निराळा, परतलेला निराळा. पुढे तो एकटा जाईना. ज्यांनी त्याला ओढून नेले होते त्यांच्याही पुढे होऊन तो इतरांना घेऊन जाऊ लागला. झुंजी आवडत नाहीत ही त्याची समजूत खरी होती. आपण गर्दीहून बळकट आहोत ही मात्र खोटी होती.

जी वाट बिघडण्याची तीच सुधारण्याची, हे या चरित्राचे दुसरे सूत्र होय. ऑगस्टीन ३८४ साली वक्तृत्वाचा अध्यापक म्हणून मिलानला गेला. तेथे त्याच्याभोवती निराळी माणसे जमली. बिशप अँब्रोज याची प्रवचने तो प्रथम केवळ भाषाशैलीसाठी ऐके. वृद्ध सिंप्लिसियानस याने एका नामांकित पंडिताने उघडपणे ख्रिस्ती श्रद्धा कशी पत्करली ते सांगितले. पोंतिसियानस नावाच्या पाहुण्याने मिसर देशातील अँटनी या विरक्ताची कथा सांगितली, आणि ती कथा वाचून दोन राजसेवकांनी नोकरी कशी सोडली, एकाने वाचले आणि दुसरा त्याच्यामागून गेला, तेही सांगितले. ३८६ च्या उन्हाळ्यात मिलानच्या एका बागेत ऑगस्टीनच्या मनाचा निकाल लागला, तेव्हा अलिपियस जवळच होता. ऑगस्टीनने पौलाच्या पत्रातील काही ओळी वाचल्या. अलिपियसने पुस्तक हाती घेऊन त्यापुढच्या ओळी स्वतःला लावून घेतल्या. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोजच्या हातून ऑगस्टीन, त्याचा मुलगा आणि अलिपियस यांनी एकाच वेळी बाप्तिस्मा घेतला. नासपतींच्या झाडाखाली जे घडले होते तेच मिलानच्या बागेत उलट्या दिशेने घडले.

हा माणूस बिशप झाल्यावर कुसंगतीविषयी कडक सोवळे पाळील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. झाले ते वेगळेच. आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज तेव्हा दुभंगलेला होता. ३०३ साली सुरू झालेल्या छळात काही धर्मगुरूंनी भीतीने पवित्र ग्रंथ सरकारच्या स्वाधीन केले होते. डोनाटस या बिशपच्या अनुयायांचे म्हणणे असे की, अशा भ्रष्टांशी जे संबंध ठेवतात तेही भ्रष्ट होत. हा डाग पिढ्यान्पिढ्या चालतो, अशी त्यांची धारणा. दुसऱ्या पक्षाकडून आलेल्याला ते पुन्हा बाप्तिस्मा देत. दुसऱ्या पक्षाचे चर्च हाती आले की त्याच्या भिंतीसुद्धा धुऊन काढीत, अशी तक्रार त्या काळच्या लेखनात आढळते. विटाळाची ही कल्पना आपल्याला समजावून सांगावयास नको. महाडच्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ १९२७ साली आपल्याच प्रांतात झाले.

ऑगस्टीनने या मताशी वर्षानुवर्षे वाद घातला. गहू आणि निदण कापणीपर्यंत एकाच शेतात वाढावयाचे, हा येशूचा दृष्टांत तो पुनःपुन्हा पुढे करी. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, वाईट माणसाच्या शेजारी बसल्याने कोणी वाईट होत नाही. त्याच्या वाईटाला संमती दिल्याने होतो. शेजार हा दोष नव्हे, होकार हा दोष. ज्याने नासपतींची चोरी इतकी बारकाईने तपासली होती, त्यालाच हा भेद दिसावा हे स्वाभाविक होते. करिंथच्या पत्रातील इशारा आणि जकातदारांच्या घरची पंगत यांचा मेळ येथे बसतो. येशू त्यांच्या पंक्तीला बसला, पण त्यांची वाहवा मिळविण्यासाठी बसला नाही.

इतिहासाशी प्रामाणिक राहावयाचे तर पुढचेही सांगितले पाहिजे. ४११ साली कार्थेज येथे दोन्ही पक्षांचे मिळून साडेपाचशेहून अधिक बिशप जमले, बादशाही अधिकाऱ्याने डोनाटसपंथीयांविरुद्ध निर्णय दिला आणि पुढे त्यांच्यावर दंड बसविण्यात आले. राजसत्तेच्या या जबरदस्तीला ऑगस्टीनने पाठिंबा दिला. संमतीचे मर्म ज्याने ओळखले, त्यानेच दंडाच्या धाकाने मिळविलेल्या होकाराला मान्यता द्यावी, ही त्याच्या चरित्रातील मोठी विसंगती होय. पुढील शतकांत अनेकांनी त्याच्या या मताचा आधार घेतला.

त्याचा विचार मात्र आजही उपयोगी पडण्यासारखा आहे. वाईट संगतीच्या नावाखाली आपल्या घरांतून पुष्कळदा भलत्याच गोष्टींचा बंदोबस्त होत आला. पलीकडच्या आळीतली पोरे, गरिबाची पोरे, खालच्या म्हटल्या गेलेल्या जातीची पोरे, यांच्यात खेळू नकोस, ही ताकीद नीतीच्या भाषेत दिली गेली. अलिपियसला रंगणात ओढून नेणारे मात्र त्याच्याबरोबर कायदा शिकणारे होते! मुलाने कोणाशेजारी बसावे यापेक्षा, त्या मंडळींत कोणत्या गोष्टीला नाही म्हणावयाची त्याला लाज वाटते, हे विचारलेले बरे. उत्तर मिळाले तर कोणते दावे गळ्यात आहे ते कळेल. आणि हा प्रश्न वडीलमंडळींनीही स्वतःला विचारण्यास हरकत नाही. कचेरीत, लग्नाच्या बैठकीत, देण्याघेण्याच्या बोलण्यात चारचौघांबरोबर हो म्हणणारे पुष्कळदा सोळा वर्षांचे नसतात.

हिप्पो या बंदराच्या गावी ऑगस्टीन सुमारे पस्तीस वर्षे बिशप होता आणि ४३० साली तेथेच वारला. एकांतात राहण्याऐवजी त्याने आपल्या धर्मगुरूंसह एका घरात राहण्याचा नेम ठेवला. अनेक वर्षे त्याच्या सहवासात काढलेल्या पोसिडियसने त्याचे चरित्र लिहिले आहे, त्यात त्या घरच्या जेवणाच्या मेजाची एक गोष्ट आहे. गैरहजर माणसाची निंदा करणाऱ्याला या मेजावर जागा नाही, अशा अर्थाच्या ओळी मेजावर कोरलेल्या होत्या. एकदा काही स्नेही बिशपच जेवताना त्या विसरले. तेव्हा ऑगस्टीन संतापून म्हणाला की, एक तर या ओळी पुसून टाका, नाहीतर मी उठून माझ्या खोलीत जातो.

फराळाच्या ताटाभोवती न आलेल्या नातेवाइकांविषयी जे बोलले जाते ते आठवले की या मेजाची किंमत कळते. तेथे बसलेली लहान मुले चकल्या खाताना सर्व काही ऐकत असतात, आणि कोणत्या वाक्यावर मोठी माणसे हसतात हे त्यांच्या बरोबर ध्यानात राहते. त्यांची पहिली संगत गल्लीत नसते. ती याच ताटाभोवती असते.